पू, ठणका आणि वेळेवर निघून जाणाऱ्या पेशी

प्रश्न थोडक्यात असा आहे: वडिलांना मधुमेह आहे आणि तळपायाची जखम तीन महिने झाले तरी भरत नाही. कुणीतरी सांगितलं की जखम शरीरातल्या रोगप्रतिकारक पेशीच भरून आणतात. मग प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या गोळ्या दिल्या तर ती लवकर भरेल का? आणि जखमेभोवतीची लाली, सूज, पू ही शरीर लढत असल्याची खूण मानून निश्चिंत राहायचं, की घाबरायचं?

आधी गोळ्यांचं सांगून टाकतो. त्यांनी ही जखम भरणार नाही. माझ्याकडे येणाऱ्या जुनाट जखमांत पांढऱ्या पेशींचा तुटवडा क्वचितच दिसतो. पेशी आलेल्या असतात, भरपूर आलेल्या असतात, आणि पाहुणे मुक्काम ठोकून बसावेत तशा बसून राहिलेल्या असतात. जखम भरण्याचं निम्मं गणित या पेशी कधी येतात याचं आहे आणि उरलेलं निम्मं त्या कधी जातात याचं. हे दुसरं निम्मं कुणी सांगत नाही, म्हणून जरा मुळापासून सांगतो. उत्तर लांबेल, पण वडिलांच्या ड्रेसिंगच्या वेळी जखमेकडे बघण्याची तुमची नजर बदलेल.

कातडी कापली जाते तेव्हा पहिलं काम रक्त थांबवण्याचं. रक्तातल्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, एकमेकींना चिकटतात, फायब्रिनच्या धाग्यांचं जाळं विणलं जातं आणि गाठ तयार होते. ही गाठ नुसतं बूच नाही. प्लेटलेट्सच्या आत पुड्या बांधून ठेवलेल्या असतात आणि त्या फुटल्या की पीडीजीएफ, टीजीएफ-बीटा असे वाढीचे संदेश बाहेर पडतात. पुढे येणाऱ्या पेशींसाठी ती हाकही असते आणि चालायला जमीनही.

हाका आणखीही असतात. फुटलेल्या पेशींच्या पोटातला माल बाहेर सांडतो आणि पांढऱ्या पेशी तो ओळखतात. यातली मला सगळ्यात गमतीची वाटणारी गोष्ट मायटोकॉन्ड्रियाची. पेशीला ऊर्जा पुरवणारे हे घटक फार फार पूर्वी स्वतंत्र जिवाणू होते. ते फुटून बाहेर आले की त्यांच्यावरच्या जुन्या जिवाणू-खुणा पांढऱ्या पेशींना दिसतात आणि त्या धावत सुटतात. म्हणजे जखमेत एकही जंतू नसला तरी शरीराला जंतू आल्यासारखंच वाटतं. अगदी निर्जंतुक केलेल्या शस्त्रक्रियेनंतरही दोन दिवस टाक्यांभोवती लाली-सूज असते, त्याचं एक कारण हे.

अजून एक हाक हायड्रोजन पेरॉक्साइडची. हो, तेच. 2009 मध्ये झेब्राफिश या छोट्या पारदर्शक माशाच्या पिल्लांवर काम करताना दिसलं की शेपटीला जखम झाल्यावर काही मिनिटांतच कडेच्या पेशी स्वतःच पेरॉक्साइड तयार करतात. जखमेपाशी जास्त, लांब जावं तसं कमी, असा त्याचा उतार बनतो आणि पांढऱ्या पेशी त्या उताराच्या दिशेने जखमेकडे येतात. मात्र ही मात्रा अत्यल्प असते. बाटलीतलं फेसाळणारं द्रावण त्याच्या हजारो पटींनी तीव्र. ते ओतलं की जंतूंबरोबर नव्याने सरकत आलेल्या आपल्या पेशीही मरतात. फेस आला म्हणजे जखम साफ झाली असं समजून रोज ओतणारे लोक मला नेहमी भेटतात. रोज ओतू नका, एवढंच म्हणतो.

आता येतात न्यूट्रोफिल. रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी साधारण 50 ते 70 टक्के याच असतात. अस्थिमज्जा रोज सुमारे 100 अब्ज न्यूट्रोफिल तयार करते आणि बहुतेकींचं आयुष्य एखाद्या दिवसाचं. जखम झाल्यावर काही तासांत त्या मोठ्या संख्येने दाखल होतात आणि पहिल्या एक-दोन दिवसांत त्यांची गर्दी शिगेला पोचते.

पण रक्तवाहिनीतून बाहेर पडणं सोपं नाही. धावत्या गाडीतून उतरायचं तर आधी गाडीचा वेग कमी व्हावा लागतो, मग दांडी धरावी लागते. तसंच इथे. जखमेजवळच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंतीवर चिकट रेणू उगवतात. त्यांना अडखळत न्यूट्रोफिल आधी घरंगळत राहते, मग इंटेग्रिन नावाच्या आकड्यांनी घट्ट धरते आणि भिंतीतल्या फटीतून अंग चोरून बाहेर निसटते. या वाहिन्या त्या वेळी रुंद आणि गळक्या झालेल्या असतात. म्हणून जागा लाल दिसते, गरम लागते आणि सुजते. ठणका लागतो तो त्या सुजेच्या ताणाने आणि तिथे साचलेल्या रसायनांनी मज्जातंतू चाळवले जातात म्हणून.

हे आकडे नसतील तर काय होतं, हे एका दुर्मिळ जन्मजात आजारात दिसतं. त्याला ल्युकोसाइट ॲढीजन डेफिशिअन्सी, म्हणजे पांढऱ्या पेशींना चिकटता न येणं, असं म्हणतात. अशा बाळांच्या रक्तात न्यूट्रोफिलची संख्या प्रचंड असते, पण त्यांना वाहिनीची भिंत धरता येत नाही आणि त्या बाहेर पडू शकत नाहीत. बाळाची नाळ एक-दोन आठवड्यांत गळून पडायला हवी, ती तीन-तीन आठवडे उलटले तरी पडत नाही. जखमा होतात, चिघळतात, आणि त्यांत पू होत नाही. रक्ताचा रिपोर्ट बघून वाटेल, केवढी प्रतिकारशक्ती! प्रत्यक्षात जखमेत कुणीच पोचलेलं नसतं. हा आजार लक्षात ठेवा, पुढे परत त्याच्याकडे येणार आहे.

बाहेर आलेल्या न्यूट्रोफिल जंतूंना गिळतात, त्यांच्यावर तीव्र रसायनं सोडतात, आणि प्रसंगी स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकून त्यात जंतू अडकवतात. या जाळ्यांचं वर्णन 2004 साली झालं. पू म्हणजे मुख्यतः मेलेल्या न्यूट्रोफिल, मेलेले जंतू आणि विरघळलेली ऊती. पुवाला हिरवट झाक असते ती पुष्कळदा न्यूट्रोफिलमधल्या मायलोपेरॉक्सिडेज या विकराची, म्हणजे एन्झाइमची. तो विकरच मुळात हिरव्या रंगाचा. (ड्रेसिंगवर गडद निळसर-हिरवा डाग आणि गोडसर वास असेल तर गोष्ट वेगळी, तो स्युडोमोनास जिवाणूचा रंग असू शकतो. तेव्हा दाखवून घ्या.)

न्यूट्रोफिलची हत्यारं आंधळी असतात. इलॅस्टेज, कोलॅजिनेज असे विकर जंतू आणि आपली ऊती असा भेद करत नाहीत. दोन दिवस हे चालतं, कारण मेलेली ऊती सैल करून काढायलाही हेच विकर लागतात. दोन महिने चाललं तर नवीन घातलेली प्रत्येक वीट रात्रीतून पाडली जाते.

मग प्रश्न पडतो की या पेशी नसल्याच तर? हा प्रयोग खरंच झालेला आहे. 1972 मध्ये रसेल रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्याने गिनीपिगमधल्या न्यूट्रोफिल काढून टाकल्या आणि जखमा केल्या. जंतुसंसर्ग नसेल तर जखमा जवळपास नेहमीसारख्याच भरल्या. 1975 मध्ये त्याच प्रयोगशाळेने मॅक्रोफेज या दुसऱ्या जातीच्या पेशी घालवून बघितलं. या वेळी मात्र घाण साफ होईना आणि नवं तंतुमय ऊतक धरायला उशीर झाला. त्यावरून पाठ्यपुस्तकांत एक सोपी विभागणी बसली: न्यूट्रोफिल जंतूंसाठी, मॅक्रोफेज बांधकामासाठी. मीही विद्यार्थी असताना हेच घोकलं. पुढे 2003 मध्ये जनुकीय बदलामुळे दोन्ही पेशी नसलेल्या नवजात उंदरांच्या जखमा भरल्या, त्याही कमी व्रण ठेवून, तेव्हा घोकलेल्याची जरा पंचाईत झाली. नवजात कातडी आणि प्रौढ कातडी यांत फरक आहे, हे एक उत्तर. पण खरा धडा मला वाटतो तो वेगळा, आणि त्यासाठी मगाचा तो आजार परत काढावा लागेल.

न्यूट्रोफिल जखमेत आल्या, लढल्या आणि मेल्या. आता मॅक्रोफेज येऊन त्या मेलेल्या न्यूट्रोफिल गिळते. हे गिळणं म्हणजे नुसती झाडलोट असती तर त्यात विशेष काही नव्हतं. पण मेलेली न्यूट्रोफिल पोटात गेली की मॅक्रोफेजचा स्वभाव पालटतो. ती आग भडकवणारे संदेश थांबवते आणि शांत करणारे, बांधकाम सुरू करणारे संदेश सोडायला लागते. न्यूट्रोफिलचं मरण हीच ‘लढाई संपली’ अशी दवंडी. आता ज्या रुग्णांत न्यूट्रोफिल ऊतीत पोचतच नाहीत, तिथे त्या मरणार नाहीत, कुणी त्यांना गिळणार नाही, आणि दवंडी पिटली जाणार नाही. मग मॅक्रोफेज इंटरल्युकिन-23 हा भडकवणारा संदेश सोडतच राहतात. 2017 मध्ये अशाच एका तरुण रुग्णाची हकिगत प्रसिद्ध झाली. हिरड्यांचा तीव्र दाह आणि माकडहाडापाशी कशालाच दाद न देणारी जखम. त्याला इंटरल्युकिन-12 आणि 23 अडवणारं, एरवी सोरायसिसला वापरलं जाणारं औषध दिलं. जखम भरली.

जन्मजात प्रतिकारशक्तीच्या दोषाचा रुग्ण, आणि त्याची जखम भरली ती प्रतिकारशक्तीचा एक भाग दाबल्यावर! ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ अशी जाहिरात दिसली की मला हा रुग्ण आठवतो.

मॅक्रोफेजबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण जखमेच्या मुकादम त्याच आहेत. या पेशींकडे पहिल्यांदा नीट लक्ष गेलं ते इल्या मेचनिकॉफ यांचं. 1882 मध्ये सिसिलीतल्या मेसिना इथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला. दुसऱ्या दिवशी फिरत्या पेशी त्या काट्याभोवती गोळा झाल्या होत्या. 1908 चं नोबेल त्यांना पॉल एर्लिख यांच्याबरोबर विभागून मिळालं. आज जखमेकडे बघताना आपण मूळ तोच काटा बघत असतो.

त्वचेत काही मॅक्रोफेज कायम राहणाऱ्या असतात. जखमेतल्या बहुतेक मात्र रक्तातल्या मोनोसाइट पेशींपासून तयार होतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून वरचढ होतात. सुरुवातीला त्या तापट असतात: जंतू मारणं, मेलेलं मांस गिळणं, आणखी पेशी बोलावणं. चौथ्या-पाचव्या दिवसाच्या आसपास त्यांचा सूर बदलायला लागतो आणि त्या नव्या रक्तवाहिन्यांना फुटवे आणणारे, कोलॅजन विणणाऱ्या फायब्रोब्लास्टना कामाला लावणारे संदेश देतात. पुस्तकांत या दोन रूपांना एम-1 आणि एम-2 म्हणतात, जणू दोन वेगळ्या गणवेशांतल्या तुकड्या. बशीत वाढवलेल्या पेशींपुरतं ते ठीक. खऱ्या जखमेत त्याच पेशी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत असतात आणि मधल्या सगळ्या छटा एकाच वेळी हजर असतात. ‘एम-2 वाढवणारं’ असं छापलेलं कुठलंही उत्पादन मी त्यामुळे संशयानेच बघतो.

वेळेचं महत्त्व किती, हे 2010 च्या एका उंदरांवरच्या प्रयोगातून छान कळतं. मॅक्रोफेज तीन वेगवेगळ्या टप्प्यांवर काढून टाकल्या. अगदी सुरुवातीला काढल्या तर नवं मांस कमी धरलं, कडेची त्वचा सरकायला उशीर झाला, पण व्रणही कमी राहिला. मधल्या टप्प्यात काढल्या तर नव्या कोवळ्या रक्तवाहिन्या टिकेनात, जखमेत रक्तस्राव झाला, आणि ती पुढच्या टप्प्यात जाईना. शेवटच्या टप्प्यात काढल्या तर काहीच फरक पडला नाही. तीच पेशी, आणि तीन वेळी तीन अर्थ. मग ‘या पेशी वाढवाव्यात का’ या प्रश्नाला ‘कितव्या दिवशी?’ असा उलटा प्रश्न विचारल्याशिवाय उत्तर देताच येत नाही.

ड्रेसिंग उघडल्यावर हे सगळं डोळ्यांना दिसतं, फक्त ओळखता यायला हवं. तळाशी लालबुंद, ओलसर, डाळिंबाच्या दाण्यांसारखं कणीदार मांस दिसत असेल, तर मॅक्रोफेजनी सूर बदललेला आहे आणि नव्या वाहिन्या फुटताहेत. पिवळट, चिकट, ओढून निघत नाही असा थर असेल तर तिथे अजून फायब्रिन, मेलेल्या पेशी आणि न्यूट्रोफिलचं राज्य आहे. फिकट, गुळगुळीत, हात लावला तरी रक्त न येणारा तळ मला पुवापेक्षा जास्त काळजीत टाकतो. तिथे बहुधा रक्तच पोचत नसतं. कणीदार पण गडद, मऊ, जरा लागलं की भळभळणारा तळ असेल तर जंतूंचा भार वाढल्याची शंका घ्यायची. आणि कडेला मोत्यासारखी फिकट गुलाबी पातळ किनार दिसली, की मी रुग्णाच्या घरच्यांना वाकून बघायला लावतो. ती आत सरकत येणारी नवी त्वचा.

बाकीच्या पेशी जरा भरभर सांगतो. मास्ट पेशी त्वचेत आधीपासून ठाण मांडून असतात. जखम होताच त्या हिस्टामिन सोडतात आणि वाहिन्या रुंदावतात. खाज सुटली म्हणजे जखम भरत आली असं घरोघरी म्हणतात, त्यामागे काही अंशी यांचा हात असतो. लँगरहान्स पेशी वरच्या थरात जाळं पसरून असतात. पॉल लँगरहान्स यांनी 1868 मध्ये विद्यार्थी असताना त्या शोधल्या आणि फांद्या बघून त्यांना मज्जातंतूंच्या पेशी समजले. पहारेकरी म्हणून त्यांची ओळख पटायला नंतर शंभरएक वर्षं लागली. टी पेशी आपण रक्तातल्या समजतो, पण माणसाच्या एकूण त्वचेत साधारण 20 अब्ज टी पेशी राहतात, रक्तातल्यांच्या जवळपास दुप्पट. उंदरांच्या त्वचेतल्या एका प्रकारच्या टी पेशी जखम होताच कडेच्या त्वचापेशींना वाढीचा संदेश देतात हे 2002 मध्ये दिसलं. माणसात अगदी तशाच पेशी नाहीत, पण आपल्या त्वचेतल्या टी पेशीही असं काम करतात. नियामक टी पेशी दाह आवरतात. यांवर अजून बरंच काम व्हायचं आहे आणि उपचारात त्याचा उपयोग अजून तरी थोडाच.

आता तुमचा दुसरा प्रश्न, लाली-सूज चांगली की वाईट. पहिले दोन-तीन दिवस कडेपुरती लाली, थोडी ऊब, थोडा ठणका हे अपेक्षितच आहे. ते दडपायला जाऊ नका. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांच्या जखमा रेंगाळतात, त्याचं एक कारण हे की सुरुवातीची ही गर्दी जमत नाही. मात्र लाली ओसरल्यावर पुन्हा वाढली, कडेपासून पसरत चालली, लाल रेघ वर चढली, ताप आला, वास बदलला, तर तो संसर्ग समजायचा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. आणि मधुमेहात उलटी अडचण असते. मज्जातंतू बधिर म्हणून ठणका नाही, रक्तपुरवठा कमी म्हणून लाली नाही, आणि आत मात्र हाडापर्यंत संसर्ग पोचलेला. ‘दुखत नाही’ म्हणून निर्धास्त राहिलेले पाय मी फार उशिरा बघितलेले आहेत. वडिलांच्या बाबतीत दुखत नसणं ही दिलाशाची गोष्ट मानू नका.

मधुमेहात पेशींच्या पातळीवर काय बिघडतं? साखर चढलेली असते तेव्हा न्यूट्रोफिल जखमेकडे यायला आणि जंतू मारायला मंदावतात, पण आल्यावर जात नाहीत. डीएनएची जाळी फेकण्याची त्यांची खोड वाढते. 2015 मध्ये दिसलं की ही जाळी बनवायला लागणारा विकर ज्यांच्यात नाही अशा मधुमेही उंदरांच्या जखमा लवकर भरतात. मॅक्रोफेज मेलेल्या न्यूट्रोफिल नीट गिळत नाहीत, म्हणून त्यांचा सूर पालटत नाही. जखम तीन महिन्यांची झाली तरी आत कॅलेंडर तिसऱ्याच दिवसावर अडकलेलं असतं.

वर जंतूंनी चिकट थर बनवलेला असतो, त्याला बायोफिल्म म्हणतात. पेशी तो गिळू शकत नाहीत, सोडूनही जात नाहीत, आणि त्यांनी ओतलेले विकर थराखालच्या जंतूंपेक्षा बाजूच्या ताज्या मांसालाच जास्त खातात. 1997 मध्ये अमेरिकेत पीडीजीएफचं मलम मधुमेही पायाच्या जखमांसाठी मान्य झालं तेव्हा आम्हाला मोठी आशा वाटली होती. काही जखमांत त्याचा उपयोग होतोही. पण विकरांनी भरलेल्या जखमेत वरून लावलेला वाढीचा संदेशही प्रथिनच. तो कामाला लागण्याआधीच कापला जातो. आधी जागा साफ, मग पेरणी.

म्हणून डॉक्टर जखम खरवडतात, मेलेला थर कापून काढतात. घरच्यांना ते निर्दयी वाटतं. ‘भरत आलेली जखम परत उघडली’ ही तक्रार मी शेकडो वेळा ऐकली असेल. खरं तर त्याने बायोफिल्म निघतो, अडकून पडलेल्या पेशी आणि त्यांचे विकर निघतात, आणि ताजं रक्त येऊन घड्याळ पहिल्या दिवसापासून परत चालू होतं. रक्तपुरवठा नसलेल्या पायावर मात्र आधी वाहिन्या तपासल्याशिवाय कात्री चालवायची नसते.

आणि एक जखम अशी असते की तिला कात्री लावली तर ती दुप्पट होते. पायोडर्मा गँग्रिनोसम. नाव भयानक आहे आणि फसवंही, कारण त्यात मूळ कारण जंतूही नाहीत आणि गँग्रीनही नाही. न्यूट्रोफिल विनाकारण त्वचेत घुसून ती कुरतडतात. जांभळट, आतून पोखरलेली कड, प्रचंड वेदना, झपाट्याने वाढ. संसर्ग समजून खरवडलं की ती आणखी पसरते, कारण प्रत्येक नवी इजा आणखी पेशी बोलावते. उपचार असतो स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती आवरणारी दुसरी औषधं. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत अशी एक जखम मी दोनदा साफ केली होती. तिसऱ्या वेळी वरिष्ठांनी कड बघितली, माझ्या हातातली कात्री काढून घेतली आणि बायोप्सी पाठवली. तेव्हापासून उपचारांनी वाढत जाणारी जखम दिसली की मी आधी थांबतो.

व्रणाबद्दल विचारलेलं नाही, पण थोडं सांगतो. गर्भाच्या त्वचेची जखम गरोदरपणाच्या साधारण पहिल्या सहा महिन्यांत व्रण न ठेवता भरते आणि तिथे दाहक पेशींची गर्दी फारच कमी असते. तोंडाच्या आतली जखमही लवकर आणि जवळपास खूण न ठेवता भरते. मोठ्यांच्या कातडीत घाईने केलेली डागडुजी उरते. पूर्ण पिकलेला व्रणसुद्धा मूळ त्वचेच्या साधारण 80 टक्केच ताकदीचा होतो. म्हणून वडिलांची जखम बंद झाली तरी ती जागा कायमची नाजूक राहील आणि पादत्राणं जपूनच निवडावी लागतील.

आता करायचं काय. मी पेशींबद्दल इतकं बोललो, पण मधुमेही तळपायात त्यांचा नंबर तिसरा. पहिला दाबाचा: त्या जागेवर पाऊल टेकत राहिलं तर जगातली कुठलीही पेशी काही करू शकत नाही. डॉक्टरांना दाब काढणाऱ्या बुटाबद्दल किंवा प्लास्टरबद्दल स्पष्ट विचारा. दुसरा रक्तपुरवठ्याचा: घोट्याची नाडी आणि पायातला रक्तदाब तपासून घेतला आहे का, हे विचारा. मग साखर. ती आवाक्यात आली की न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज बऱ्याच अंशी वळणावर येतात. तुम्ही गोळ्यांत शोधताय ती ‘प्रतिकारशक्ती’ इथे आहे. आहारात पुरेशी प्रथिनं हवीत. जीवनसत्त्व क किंवा जस्त यांची खरोखर कमतरता असेल तर ती भरून काढावी, नसेल तर जास्तीच्या गोळ्यांनी काही साधत नाही. धूम्रपान असेल तर आजच बंद.

जखम उघडी टाकून ‘वाळू देणं’ सोडा. जॉर्ज विंटर यांनी 1962 मध्ये डुकरांच्या त्वचेवर दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेच्या जवळपास दुप्पट वेगाने सरकते. खपलीखाली पेशींना भुयार खणत जावं लागतं, ओल्यात त्या नुसत्या सरकतात. ओलसर म्हणजे थबथबलेली नव्हे, कडेची कातडी पांढरी फुगलेली दिसली तर ड्रेसिंग बदलायला उशीर होतोय.

आणि दर आठवड्याला, एकाच वारी, जखमेशेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. योग्य उपचार सुरू केल्यापासून 4 आठवड्यांत मधुमेही पायाच्या जखमेचं क्षेत्रफळ निम्म्यावर आलं नाही, तर ती 12 आठवड्यांत भरण्याची शक्यता बरीच कमी असते. तीन महिने तुमचे झालेलेच आहेत. पुढच्या भेटीला जे काही फोटो असतील ते घेऊन जा आणि ‘अजून थोडे दिवस बघू’ असं उत्तर मिळालं तर हाडाचा एक्स-रे, रक्तवाहिन्यांची तपासणी आणि गरज वाटल्यास कडेची बायोप्सी यांपैकी काय काय झालं आहे, हे तिथेच, खुर्चीतून उठायच्या आधी विचारून घ्या.